चार-चाळीसची बोट

खिडकीच्या काचेवर टकटक झाली तेव्हा मी एका जर्मन कुटुंबाला समजावत होते की पुलाच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडला तर दंड होतो. टकटक पुन्हा झाली. मी वर पाहिलं – निळा शर्ट, हातात बोट बांधायचे जाड हातमोजे, उन्हाने भाजलेलं नाक... आणि त्या नाकाच्या शेंड्यावर राग.

"ती चार-चाळीसच्या बोटीची बाई तुम्हीच का?"

"मी नीवेस. माहितीच्या खिडकीवर बसते. काही विचारायचं असेल तर रांगेत या."

आणि तो खरंच रांगेत गेला. सहा माणसांच्या मागे, भर उन्हात, व्हेनिसच्या खाडीत जन्मलेला माणूस पर्यटकांच्या रांगेत. मला तिथेच हसू आलं होतं, पण ते मी पुष्कळ दिवसांनी कबूल केलं.

त्याची पाळी आली. त्याने दोन्ही कोपरं खिडकीवर टेकली.

"माझ्या धक्क्यावर चाळीस माणसं उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात तुमचा हा गुलाबी कागद. म्हणे चार-चाळीसला बोट आहे, ज्यूदेक्काच्या पाठीमागून लिडोला जाते. बाई, अशी बोट नाही. मी दोर धरतो तिथे, मला माहीत नसेल?"

"आहे. आजपासून. फक्त उन्हाळ्यात आणि फक्त रविवारी."

"कुठे लिहिलंय?"

"तुमच्या धक्क्यावर. तुम्ही पाठ टेकून उभे राहता ना, त्याच फळ्यावर."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती ही गोष्ट. घड्याळात चार-पस्तीस झाले होते. हातमोजे चढवत तो पळाला, आणि पाच मिनिटांनी मला खिडकीतून ती पांढरी बोट येताना दिसली. दोर त्यानेच धरला. चाळीस माणसं चढली. बोट सुटल्यावर तो फळ्याकडे वळला आणि पहिल्यांदाच, ओळीवर बोट फिरवत, तो वाचू लागला.

आमच्या शहरातला माणूस वेळापत्रक वाचत नाही हे मला नवं नाही. वेळापत्रकं बाहेरच्यांसाठी, माहितीची खिडकी बाहेरच्यांसाठी, माझा गुलाबी कागदही बाहेरच्यांसाठी. 'बाटली नळावर भरा, विकत घेऊ नका. बोटीत चढताना पाठीवरची पिशवी हातात घ्या. गल्लीत उजवीकडून चाला, मध्येच थांबून फोटो काढू नका. देवळात खांदे झाका. कॉफी उभ्याने प्या, स्वस्त पडते.' असल्या बारा सूचना मी स्वतः लिहिल्या आहेत आणि चार भाषांत पाठ म्हणू शकते. घरी त्याची थट्टाच होते.

थट्टेवरून आठवलं. त्या उन्हाळ्यात ज्यूदेक्कावर, म्हणजे आमच्या बेटावर, माझी एक वेगळीच थट्टा चालू होती.

आमच्या बेटाच्या मागच्या अंगाला वल्हेकऱ्यांचा एक क्लब आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे रेदेंतोरेच्या सणाआधी बरोबर आठवडाभर, तिथे जोड्यांची शर्यत असते. एक बाई, एक पुरुष, दोन वल्ही, दोघंही उभे, दोघांचीही तोंडं पुढे. नऊ होड्या जातात आणि पहिल्या चौघांना झेंडे मिळतात – लाल, पांढरा, हिरवा, निळा. निळ्याबरोबर एक डुक्करही. पूर्वी जिवंत असायचं, आता मातीचं असतं. आदल्या वर्षी मी माझा चुलतभाऊ देनिस याच्याबरोबर उतरले होते. होडी वळवायच्या खांबापाशी मला वाटलं, याचं वल्हं उशिरा पडतंय. मी मागे वळून बघितलं... आणि पाण्यात गेले. सगळ्या बेटासमोर. तेव्हापासून मी कुठेही गेले की कुणीतरी विचारणार, "नीवेस, टॉवेल आणलास ना?"

हसण्यावारी नेलं असतं. पण होडी पपांची होती.

पपांनी ती स्वतः बांधली होती, माझ्या जन्माच्या वर्षी. नाव गार्झेता, म्हणजे आमच्या खाडीतला लहान पांढरा बगळा. तीस वर्षं वल्हं मारून त्यांचा खांदा गेला, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी वल्हं बंद केलं. क्लबचा नियम असा की शेडमध्ये होडीला जागा हवी तर तीन वर्षांत निदान एक झेंडा आणायचा. नाहीतर जागा सोडायची, कारण मागे वाट बघणाऱ्यांची रांग मोठी आहे. गार्झेताचं हे तिसरं वर्ष. शेडबाहेर लाकडी होडी उन्हात दोन उन्हाळे काढत नाही. क्योज्जाचा एक माणूस ती घ्यायला तयार होता. तिच्यात इंजिन बसवून तो कालवं काढायला जाणार होता.

पपा म्हणायचे, "जाऊ दे ग. लाकूडच आहे." आणि दर संध्याकाळी शेडमध्ये जाऊन तिच्यावरून हात फिरवून यायचे.

जोड्या चिठ्ठ्यांनी लागतात. क्लबच्या अध्यक्ष सिओरा ओनोरिना मक्याचा पोलेंटा शिजवायच्या तांब्याच्या हंड्यात पुरुषांची नावं टाकतात आणि एकेक बाई पुढे होऊन चिठ्ठी उचलते. एकदा उचललेली चिठ्ठी बदलत नाही, नवराबायकोची लागली तरी नाही. मी डोळे मिटून हात घातला.

"लोरिस झेन्नारो," सिओरा ओनोरिनांनी वाचलं. "पेल्लेस्त्रिनाचा. वसंतातच सभासद झालाय. कुठे आहे तो?"

गर्दीतून एक भाजलेलं नाक पुढे आलं.

"अरे देवा," मी म्हणाले.

"रांगेत येऊ का?" तो म्हणाला.

सगळे हसले. तो बरा वल्हेकरी असेल अशी मी मनात आशा धरली. तेवढ्यात देनिस माझ्या कानाशी लागला. "टॉवेल दोन घे. हा आठ वर्षांचा असल्यापासून एकटा वल्हवतो, दोन वल्ही एकदम, छातीशी फुली करून. आयुष्यात कुणाबरोबर होडीत उभा राहिलेला नाही."

ते खरं होतं. पहिल्या दिवशी मी पुढे आणि तो मागे. पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने तो सांभाळून होडी न्यायची. त्याच्या हातात जोर इतका की होडी उडी मारायची, पण माझ्या तालाशी त्या जोराचा काही संबंध नव्हता. माझं वल्हं पाण्यात, त्याचं हवेत. त्याचं पाण्यात, तर मी धडपडून वल्हं टेकवायच्या खुंटीला लटकलेली.

"तुम्ही मला विसरता," मी पुढे बघतच ओरडले.

"विसरत नाही. माझ्यापुढे कुणी असण्याची सवय नाही एवढंच."

"मग करून घ्या."

"करतोय... तुमची वेणी मध्येमध्ये येते."

"माझी वेणी तुमच्यापासून तीन मीटर लांब आहे."

"म्हणूनच म्हणतो," तो म्हणाला, आणि माझं पुढचं वल्हं चुकलं ते माझ्यामुळे.

तिसऱ्या दिवशी वैतागून मी मोजणी सोडली आणि तोंडात आलं ते म्हणू लागले. रोज शंभरदा म्हणते तेच. "पिशवी – पाठीवरून – हातात घ्या. बाटली – नळावर – भरा." मग पाण्यात दोन वल्ह्यांचा एकच आवाज. "उजवीकडून – चाला. मध्येच – थांबू नका." गार्झेता सरळ, गुळगुळीत, खाडीवर रेघ ओढल्यासारखी गेली. मी बाराच्या बारा सूचना म्हणून संपवल्या आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

"देवळात खांदे झाका ही फार आवडली," मागून आवाज आला. "तिथे माझं वल्हं छान बसतं."

तेव्हापासून तो दुपारच्या सुट्टीत खिडकीवर येऊ लागला. रांगेत उभा राहूनच. हातात कधी पीच, कधी कागदात गुंडाळलेली आंबटगोड सार्डिन.

"बाई, एक माहिती हवी होती. मी बाहेरगावचा आहे."

"कुठून आलात?"

"पेल्लेस्त्रिनाहून. बोटीने तास-सव्वातास. तुमच्या शहरात दुपारी सावली कुठे मिळते?"

"संग्रहालयात जा. तिकीट काढून."

"एकट्याला कंटाळा येतो."

"एकटेच वल्हवता की तुम्ही."

"वल्हवायचो," तो म्हणाला.

मागची इंग्रज बाई घसा खाकरत होती. मी तिला नळांचा नकाशा द्यायचा तो शौचालयांचा दिला. ती बिचारी आभार मानून गेली. त्या आठवड्यात माझ्या हातून असल्या चुका पुष्कळ झाल्या, आणि मला त्याचं म्हणावं तितकं वाईट वाटलं नाही. आपण प्रेमात पडतो आहोत हे माणसाला आधी कामात कळतं. 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं ते मात्र दोघांनाही कळलं नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पपा आम्हाला शेडच्या दारात भेटले. त्यांनी लोरिसकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खांद्याने ओढतोस तू. कमरेने ओढ. माझ्यासारखी गत होईल."

"हो, सिओर गास्तोने."

"आणि हिला मागे वळून बघू देऊ नकोस."

"ती वळतच नाही हो," लोरिस म्हणाला. "मी पंधरा दिवस वाट बघतोय."

पपा हसले नाहीत. पण घरी जाताना त्यांनी मला विचारलं, पेल्लेस्त्रिनाच्या माणसांना जेवायला किती लागतं.

रविवारी ऊन असं होतं की होडीच्या फळीवर अंडं तळता आलं असतं. काठावर सगळं बेट जमलेलं. छत्र्या, कलिंगडं, आजोबांच्या खुर्च्या. शेडजवळ क्योज्जाचा माणूसही गाडीला टेकून उभा होता. गाडीमागे रिकामी ट्रॉली. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तीनदा बघितलं.

शर्यत चारला सुटायची म्हणजे आमच्याकडे सव्वाचारच्या आधी सुटत नाही. नऊ होड्या दोरीमागे ओळीने लागल्या. शेजारी देनिस आणि त्याची जोडीदार. "टॉवेल?" तो म्हणाला. मी वल्हं खुंटीवर टेकवलं.

"नीवेस," मागून हळू आवाज आला. "शर्यत संपली की तुला एक सांगायचंय."

"आत्ता सांग."

"नको. आत्ता सांगितलं तर तू वळशील."

"लोरिस, हे तू मुद्दाम—"

दोरी पडली.

सुरुवात वाईट झाली. देनिसच्या होडीचं पाणी आमच्या अंगावर आलं, माझा पहिला ताल गेला, आणि मी सूचना म्हणायला लागेपर्यंत आम्ही सगळ्यांच्या मागे होतो. मग "पिशवी – पाठीवरून..." हळूहळू गार्झेता सावरली. एक होडी मागे पडली. पुढे सात. सान क्लेमेन्ते बेटाजवळचा तो खांब दिसू लागला. खांब तोच, मी आदल्या वर्षी जिथे पडले होते तो.

वळायचं म्हणजे पुढच्याने वल्हं अडवून धरायचं आणि मागच्याने फिरवायचं. त्या चार क्षणांत पुढच्याला काहीच कळत नाही. मागे माणूस आहे का, उभा आहे का, पडला का... फक्त विश्वास. माझी मान आपोआप वळायला लागली. काठावरचं हसू मला आत्ताच ऐकू येत होतं.

"देवळात," मागून लोरिस शांतपणे म्हणाला, "खांदे झाका."

मी मान सरळ केली. गार्झेता खांबाभोवती अंग घासत गेल्यासारखी फिरली आणि घराकडे तोंड करून उभी राहिली. मी कोरडी होते. पण पुढे अजूनही सात होड्या होत्या, आणि चौथी होडी इतकी लांब की मला रडू यायला लागलं. जोर होता तेवढा लावून झाला होता. मला ती रिकामी ट्रॉली दिसत होती, आणि शेडमध्ये नुसत्या भिंतीवरून हात फिरवणारे पपा.

तेवढ्यात उजवीकडे, बेटाच्या टोकाआडून, काहीतरी पांढरं निघालं.

मला घड्याळ बघायची गरज नव्हती. ती चार-चाळीसला धक्का सोडते आणि दहा मिनिटांत आमच्या मागच्या खाडीत येते. पुढच्या सातही होड्या खुणेच्या खांबांच्या आतून, जवळच्या रस्त्याने, मान खाली घालून चालल्या होत्या. त्यांतल्या एकानेही तो फळा वाचलेला नव्हता. बोटीची लाट त्यांना बरोबर आडवी लागणार होती.

"डावीकडे घे," मी म्हणाले. "खांबांच्या बाहेर."

होडी कुठे न्यायची हे मागचा ठरवतो. पुढच्याने हुकूम सोडायची आमच्यात रीत नाही. लोरिस म्हणाला, "लांब पडेल. पन्नास मीटर तरी."

"लोरिस, चार-चाळीस."

अर्धं वल्हं... तेवढाच वेळ गेला. तो मागे काय बघत होता, कसा बघत होता, मला काही दिसत नव्हतं. मग गार्झेताचं नाक डावीकडे वळलं. काहीही न विचारता. काठावरून पपांची हाक आली, "कुठे चाललात रे?" आणि आम्ही सगळ्यांपासून दूर, उघड्या पाण्यात निघालो.

बोट गेली. तिच्यावरचे पर्यटक हात हलवत होते, हातात गुलाबी कागद. लाट आली ती आमच्या नाकावर आली, समोरून. मी गुडघे सैल सोडले, गार्झेता चढली, उतरली, आणि लाटेच्या पाठीवरून तशीच पुढे पळाली. तिकडे खांबांच्या आत मात्र नुसता गोंधळ. लाट आडवी लागली तशी वल्ही खुंट्यांतून उडाली, दोन होड्या एकमेकींत अडकल्या, तिसरीतली बाई खाली बसली, चौथीने गोल फेरा घेतला. शिव्या तर अशा ऐकू येत होत्या की सिओरा ओनोरिनांनी काठावर छातीवर क्रूस काढला.

"आता कमरेने," लोरिस म्हणाला.

"बाटली – नळावर – भरा." सातवा. "उजवीकडून – चाला." सहावा. पाचवा. पुढे देनिस. त्याच्यापुढचे तिघे लाटेतूनही निसटलेले, पण हा चौथा, निळा झेंडा, तो माझ्या वल्ह्याच्या टप्प्यात आला. काठावरून लोक माझ्या सूचना माझ्याबरोबर म्हणू लागले. घरी थट्टा करणारे तेच लोक, "मध्येच – थांबू नका! मध्येच – थांबू नका!" मला श्वास उरला नव्हता, तरी ताल काठावरून येत होता. देनिसने एकदा वळून बघितलं. फक्त एकदा, आम्ही किती मागे आहोत ते बघायला.

तेवढंच पुरलं. गार्झेताचं नाक त्याच्या नाकापुढे हातभर गेलं आणि वर घंटा वाजली.

मी वल्हं खाली ठेवलं. काठावर कुणीतरी निळा झेंडा हलवत होतं, कुणी मातीचं डुक्कर डोक्यावर धरून नाचत होतं. पपा कुठेच दिसेनात, मग दिसले. ते क्योज्जाच्या माणसाशी हस्तांदोलन करत होते, त्याला निरोप द्यायला. आणि बिघडलेला खांदा विसरून दुसरा हात त्यांनी पार वर उचलला होता.

"नीवेस," मागून आवाज आला. "आता वळ."

मी वळले.

पंधरा दिवस तो माझ्या मागे उभा होता आणि मी त्याला होडीत एकदाही पाहिलं नव्हतं. टोपी पाण्यात गेलेली. नाक आणखी लाल. घामाने डोळे मिचकावत होता. आणि चेहऱ्यावर असं काही होतं की सांगायची गोष्ट सांगून झालीच होती.

तरी त्याने सांगितली. कोपरं टेकायला खिडकी नव्हती म्हणून वल्ह्यावर टेकली.

"बाई, एक माहिती हवी होती. पुढच्या रविवारी रेदेंतोरे. होड्यांवर पूल बांधतात म्हणे, पलीकडून थेट तुमच्या देवळापर्यंत."

"बांधतात. वर्षातून एकदाच."

"त्या पुलावरून मी लहानपणापासून दर वर्षी एकटाच चालत आलोय. या वर्षी..." तो अडखळला. इतका वेळ चटपटीत बोलणारा माणूस, आणि ऐन वेळी शब्द सापडेना. "माझं तुझ्यावर प्रेम आहे ग. या वर्षी मला एकट्याने चालायचं नाही. त्याबद्दल काही सूचना आहे का तुझ्या कागदावर?"

काठावर सगळ्या बेटाने कान टवकारले. आमच्याकडे लोकांना वेळापत्रक वाचता येत नाही, पण दुसऱ्याच्या होडीतलं ऐकू मात्र बरोबर येतं.

"आहे," मी म्हणाले. "तेरावी. आत्ताच लिहिली."

"काय म्हणते?"

मी होडीच्या मधल्या फळीवर पाय टाकला. हे करायचं नसतं, कारण तोल जातो. तो गेलाच. पण त्याने मला धरलं, का मी त्याला, आणि आम्ही दोघंही गार्झेताच्या कडेवरून, सगळ्या बेटासमोर, कोमट हिरव्या पाण्यात गेलो.

वर आले तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता आणि केसांत शेवाळ. काठावर हसू फुटलं होतं, पण मला त्याची लाज वाटली नाही. त्याला जे सांगायचं ते मी तिथेच सांगितलं, त्याच्याइतक्याच साध्या शब्दांत. तेराव्या सूचनेत तेच लिहिलेलं आहे, पण ती मी कागदावर छापलेली नाही.

देनिसने काठावरून टॉवेल फेकला. एकच होता. आम्हाला तेवढा पुरला.